बोलेरोच्या छताला फायबरचा कन्सोल, मदत हवी आहे

राम राम मंडळी. मुक्काम भुसावळ, गाडी जुनी बोलेरो. गाडीतल्या म्युझिक सिस्टिमचा इक्वलायझर, क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटणारा डबा) आणि दोन छोटे मीटर पुढच्या काचेच्या वर बसवायचे म्हणून फायबरचा कन्सोल, म्हणजे छताला लागणारा खोका, घरीच करायला घेतलाय. अॅम्प्लिफायर सीटखालीच राहील, वर उगाच वजन नको.

पहिला साचा थर्मोकोलचा केला. पॉलिस्टर रेझिन लागलं आणि तव्यावरच्या लोण्यासारखा बसला! मग छताला मास्किंग टेप, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, वर मेण, आणि रेझिनमध्ये भिजवलेल्या ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) काचतंतूच्या मॅटचे दोन थर. तेही मे महिन्यात, भर दुपारी. रेझिन घट्ट करणारा हार्डनर २ टक्के टाकला होता. ब्रश दुसऱ्यांदा बुडवेपर्यंत मगात जेली, पाठोपाठ धूर. जे लागलं त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावर. बायकोने कात्री चालवली, विषय संपला.

आता पहाटे सहाला, १ टक्का हार्डनर टाकून करतो. सेट नीट होतंय, पण दोन दिवस झाले तरी वरचा पृष्ठभाग चिकटच. हवेमुळे होतं म्हणतात. शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घालावं, की अॅसिटोनने पुसून घासलं तरी चालेल?

खरी अडचण पुढे आहे. तयार तुकडा छतावरून काढल्यावर त्याची दोन्ही टोकं आत ओढली गेली, प्रत्येकी बोटभर फट. गाडीतच लाकडी पट्ट्या चिकटवून मग काढायला हवं होतं का?

आणि छताच्या आडव्या पट्टीला स्क्रू पुरतील की नटबोल्टच? आमचे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच. जळगाव-धुळ्यात मॅट सुटी कुठे मिळते तेही सांगा भाऊ.