हर्मन मायर: नागानोतले तीन दिवस मोठे की नंतरचे सतरा महिने?

बर्फवेडा:
ऑस्ट्रियाचा स्कीपटू हर्मन मायर, त्याचा विषय निघाला की जो तो जपानमधलं नागानोच सांगतो. 13 फेब्रुवारी 1998, ऑलिंपिकची डाउनहिल, म्हणजे उतारावरची सगळ्यात वेगवान शर्यत. गडी हवेत आडवा झाला, डोक्या-खांद्यावर आपटला आणि दोन कुंपणं तोडून भुसभुशीत बर्फात जाऊन पडला. तीन दिवसांनी सुपर-जीचं (डाउनहिलपेक्षा जास्त वळणांची शर्यत) सुवर्ण, आणखी तीन दिवसांनी जायंट स्लालमचं (त्याहून जास्त वळणं, दोन फेऱ्या). भारीच, पण त्यात नशिबाचा वाटा मोठा. सुपर-जी खरं तर दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, हवा बिघडली म्हणून 16 तारखेवर गेली.

खरी कमाई पुढची. ऑगस्ट 2001 मध्ये मोटारसायकलवरून जाताना मोटारीशी टक्कर झाली, उजव्या नडगीचे तुकडे झाले, पाय कापायची वेळ आली होती. सॉल्ट लेकचं ऑलिंपिक हुकलं. जानेवारी 2003 मध्ये परतला आणि त्याच महिन्यात कित्झब्यूलची सुपर-जी जिंकला. आहे कोणाचं दुमत?

खडूस काका:
आहे! दोन दिवस जास्त मिळाले म्हणून भीती जाते होय? खांदा-गुडघा ठणकत असताना, परवाचं पडणं डोळ्यांपुढे असताना पुन्हा तोच वेग धरायचा, ही छाती लागते. मोटारसायकलचा अपघात रस्त्यावरचा. त्याने डोंगराची धास्ती बसत नाही.

नडगी:
काका, धास्ती ठेवा बाजूला, बूट बघा. स्कीचा बूट दगडासारखा कडक आणि वळण घेताना नडगी त्याच्या पुढच्या बाजूवर रेटावीच लागते. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या पायावर. म्हणजे जिथे हाड मोडलं, आत रॉड बसवला, तिथेच दर वळणाला दाब. (मला साध्या ट्रेकिंगच्या बुटाने रडवलंय.)

आकडेमोड:
भावना बाजूला ठेवू. अपघातापूर्वी विश्वचषकाच्या (हंगामभर चालणारी शर्यतींची मालिका) 41 शर्यती जिंकला होता, नंतर 13. एकूण 54. अपघाताआधीच्या एकट्या शेवटच्या हंगामात 13 जिंकल्या होत्या! तो पुनरागमन करून परतला हे खरं, पण आधीचा मायर परतला नाही. त्या रस्त्याने काय नेलं ते कोणी बोलत नाही.

बर्फवेडा:
@आकडेमोड, 2004 चं विश्वचषकाचं एकूण विजेतेपदही त्याच 13 वाल्या पायाचं आहे, विसरलात. पण परतल्यावरची पहिली शर्यत, आडेलबोडेनची जायंट स्लालम, त्यात तो पहिल्या फेरीत 31वा आला. दुसऱ्या फेरीत पहिले 30 जातात. विश्वचषकाचा चार वेळचा एकूण विजेता व्हायचा माणूस एका जागेने घरी! मला कित्झब्यूलपेक्षा तो दिवस आवडतो.

खडूस काका:
मग नॉर्वेचा स्कीपटू स्विंदाल घ्या. 2007 मध्ये बीव्हर क्रीकला पडून चेहऱ्याची हाडं मोडली, खोल जखम झाली. पुढच्या वर्षी त्याच उतारावर डाउनहिल आणि सुपर-जी दोन्ही जिंकला. जखमही बर्फावरची, भीतीही तिथलीच. तुमच्या मायरने हे केलं नाही.

नडगी:
हे मात्र पटलं.

आकडेमोड:
आणि मथियास लान्झिंगर? तोही ऑस्ट्रियाचाच. 2008 मध्ये क्विटफ्येलच्या सुपर-जीत पडला, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याची जिद्द मायरपेक्षा कमी होती म्हणणार आहात का?

बर्फवेडा:
नाही म्हणणार. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये नशीब फक्त नागानोच्या खात्यात टाकलं होतं, ते चुकलं. राहिलेला पाय हेही नशीबच. सतरा महिने मात्र मी सोडत नाही.