‘मोठी लाइन घ्या, मॉनिटरिंगचं खूळ सोडा’: मला हे पटलेलं नाही

खटका

परवा याच फोरमवर सरळसोट यांनी लिहिलं होतं: "ऑनलाइन मीटिंगसाठी नेटवर्क मॉनिटरिंग म्हणजे आयटीवाल्यांची हौस. स्पीड टेस्ट करा, आकडा कमी आला तर मोठी लाइन घ्या, विषय संपला." वाचून दोन दिवस गप्प बसलो. आज नाही बसवत. लांबलचक होणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ खालच्या भांडणात उतरावं.

स्पीड टेस्ट काय करते? काही सेकंद एकदम बऱ्याच जोडण्या उघडते आणि जास्तीत जास्त किती डेटा ढकलता येतो ते बघते. वाटेत डेटाचं एखादं पॅकेट (छोटा तुकडा) हरवलं तर टीसीपी ही डेटा पोचवायची पद्धत ते पुन्हा मागवते, आकडा तरी झकासच येतो. मीटिंगमधल्या आवाजाला ही चैन नाही. तो साधारण दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट असा यूडीपीवरून (ही पद्धत हरवलेलं पुन्हा मागवत नाही) निघतो, सेकंदाला ५०. उशिरा पोचलेलं पॅकेट म्हणजे वरातीमागून घोडं, ते फेकूनच द्यावं लागतं. आणि या सगळ्याला लागतं किती? आवाजाला १०० केबीपीएस पुष्कळ झाले, चित्राला दोन-चार एमबीपीएस. १०० एमबीपीएसची लाइन असताना ज्याचा आवाज तुटतो, त्याने ३०० ची घेऊन काय होणार?

दुसरं म्हणजे सरासरी. १ टक्का पॅकेट लॉस ऐकायला किरकोळ वाटतो. तासाभराच्या मीटिंगचा १ टक्का म्हणजे ३६ सेकंद. ते तासभर विखुरलेले असतील तर कोडेक (आवाज पॅकेटांत बांधणारं आणि उलगडणारं सॉफ्टवेअर) भोकं बुजवतो, कुणाला पत्ताही लागत नाही. तेच ३६ सेकंद सलग गेले आणि नेमकी त्यात कामाची मुदत सांगितली गेली तर? अहवालात दोन्हीकडे १ टक्काच. पाच मिनिटांच्या आलेखांचंही तेच. लाइन १५ सेकंद गच्च भरली आणि उरलेला वेळ २० टक्क्यांवर होती, तर सरासरी येते २४. हिरवा दिवा! त्या १५ सेकंदांत मीटिंगमधले सगळे एकमेकांना "ऐकू येतंय का?" विचारत असतात.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. रोज साडेअकराच्या मीटिंगला माझं बोलणं अर्ध्या वाक्याने मागे पडायचं. स्पीड टेस्ट उत्तम, कारण मी ती मीटिंग संपल्यावर करायचो (हसू नका). एकदा मीटिंग चालू असतानाच पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून ठेवला. २० मिलिसेकंदांवरून ७००. पॅकेट एकही हरवलेलं नाही! माझाच फोन त्या वेळेला फोटोंचा बॅकअप चढवत होता आणि राउटर एकूण एक पॅकेट इमानेइतबारे रांगेत उभं करत होता. राउटरमधली रांग अशी फुगते त्याला म्हणतात बफरब्लोट, दुसरं काही नाही. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांनी २०१० च्या सुमारास यावर बोंब मारली, २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ही रांग आखूड ठेवणारा कोडेल आणला, तरी आजही कितीतरी राउटर त्याशिवायच येतात.

तेव्हा मॉनिटरिंग हवंच. फक्त ते ऑफिसच्या लाइनीचं नको, कॉलचं हवं: प्रत्येक माणसाच्या टोकाला, सेकंदासेकंदाचं.

सरळसोट

प्रवचन वाचलं. आता माझा अनुभव ऐका. चाळीस माणसांचं ऑफिस. मीही ते महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं. भिंतीवर भला मोठा स्क्रीन, सगळे दिवे हिरवे, आणि त्याच्या बरोबर खाली बसलेला माणूस ओरडतोय, "हॅलो, हॅलो". सहा महिन्यांत त्या स्क्रीनकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग दुसरी लाइन टाकली. तक्रारी बंद. मला इलाज हवा होता, तो मिळाला. तुमचा जिटर (पॅकेटांच्या उशिरातला चढउतार) तुम्हाला लखलाभ.

खटका

हिरव्या दिव्याखाली माणूस ओरडत होता, हे तर मीच सांगतोय! तुम्ही लाइन मोजत होतात, कॉल नाही. आणि दुसऱ्या लाइनीने गुण आला, कारण जड अपलोड आणि मीटिंगा वेगळ्या झाल्या. राउटरमध्ये रांगेची शिस्त लावली असती तर तेच फुकटात झालं असतं. ताप उतरला म्हणून रोग कळला असं होत नाही.

सरळसोट

ताप उतरला की मी डॉक्टर बदलत नाही.

पंखा_फुल्ल

तुम्ही दोघं नेटवर्कवरून भांडताय, खरा चोर लॅपटॉप आहे. आमच्या टीम लीडचं चित्र दर मंगळवारी धूसर व्हायचं. तीन महिने नेटला शिव्या. शेवटी क्रोममधलं वेबआरटीसी-इंटर्नल्स हे कॉलची आतली माहिती दाखवणारं पान उघडून बघितलं. दर्जा का घसरला याचं कारण तिथे चक्क लिहिलेलं असतं, बँडविड्थ की सीपीयू. होतं सीपीयू. दर मंगळवारी त्याच वेळी अँटिव्हायरस अख्खी डिस्क चाळायचा. लाइन चौपट केली असती तरी मंगळवार मंगळवारच राहिला असता.

चिमटा

आणि ब्लूटूथ हेडफोन विसरलात. माइक चालू झाला की बिचारा हँड्सफ्री प्रोफाइल या कॉलसाठीच्या हलक्या दर्जाच्या मोडवर उतरतो, ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झ, मोनो. वर २.४ गिगाहर्ट्झवर वायफायशी धक्काबुक्की. मग फोन कुणाला? नेटवर्कवाल्याला.

म्यूटवर_आहे

खटका, तुमचं ते "प्रत्येक माणसाच्या टोकाला, सेकंदासेकंदाचं" वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे नेमकं तेच बसवलं. पंधरा दिवसांत मला मेल: "आपल्या कॉलचा दर्जा सातत्याने खराब आढळला आहे. घरची इंटरनेट सुविधा सुधारावी." प्रत मॅनेजरला. मी नवा राउटर घेतला, केबल ओढून टेबलापर्यंत आणली, घरातल्यांना मीटिंगच्या वेळी नेट वापरायची बंदी केली. सॉफ्टवेअर माझ्या कॉलला देतं ते गुण तेवढेच.

मग एक दिवस व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा खासगी बोगदा) आपोआप तुटलं आणि पलीकडून आवाज आला, "अरे वा, आज किती स्पष्ट!" माझं बोलणं इतके दिवस आधी ऑफिसात जात होतं आणि तिथून बाहेर पडून मीटिंगला पोचत होतं. व्हीपीएनही टीसीपीवरचं, म्हणजे एक पॅकेट अडकलं की मागची सगळी अडकली. दोष त्यांचा आणि पत्र मला! ते सॉफ्टवेअर माझ्या वायफायचं नाव आणि सिग्नलसुद्धा टिपून पाठवतं, हे मला नंतर कळलं. तुमच्या सेकंदासेकंदाच्या आकड्यांचं असं होतं बघा.

ओसरी

कॉलच्या गुणांच्या तशा याद्या ज्या मॅनेजरांकडे येतात त्यांपैकी मी एक. दुसरी बाजूही ऐका. माझ्या टीममध्ये असे लोक आहेत ज्यांचं नेट नेमकं "तुझं काम कुठवर आलं?" या प्रश्नालाच जातं. कॅमेरा तर कायमचाच बंद. काय तर म्हणे "नेट वाचवतोय". यादी आल्यापासून निदान थापा तरी पकडता येतात. आणि कॅमेरा बंद ठेवून नेट वाचतं हे मला तरी थोतांडच वाटतं.

म्यूटवर_आहे

थापा पकडता येतात? म्हणजे मॉनिटरिंग नेटवर्कचं नसून आमचंच होतं तर. बरं झालं बोललात.

ओसरी

शब्द फिरवू नका. आठ बंद चौकोनांशी तासभर एकटीने बोलून दाखवा, मग कळेल. भिंतीशी बोलावं तसं वाटतं. समोर कुणी आहे की नुसतं लॉगिन, काही कळत नाही.

म्यूटवर_आहे

आणि तुम्ही दिवसाला सहा मीटिंगांत स्वतःचाच चेहरा कोपऱ्यात बघत बसून दाखवा. घरात माझी वेगळी खोली नाही. मागे कोण झोपलंय, काय वाळत घातलंय, हे तुमच्या आठ चौकोनांना दाखवायची मला हौस नाही. नेट वाचवतेय म्हणणं ही थाप असेलही कधीकधी, पण खरं कारण सांगितलं तर ते चालतं का तुमच्याकडे?

चिमटा

जिटरवरून थेट वाळत घातलेल्या कपड्यांवर. धागा योग्य दिशेने चाललाय.

सरळसोट

मी आधीच म्हटलं होतं, हे सॉफ्टवेअर फुकटचा ताप आहे म्हणून.

खटका

तुम्ही ते खर्चाबद्दल म्हटलं होतं, आता पाळतीचं श्रेय घेऊ नका.

ओसरी, थोतांड नाही, अर्धसत्य आहे. स्वतःचा कॅमेरा बंद केला की वाचतो फक्त अपलोड. पण बऱ्याच घरी अरुंद बोळ तोच असतो, त्यामुळे फरक पडतो. येणारी चित्रं येतच राहतात, ती बंद करायची सोय वेगळी असते आणि ती कुणी वापरत नाही. म्हणजे तुमच्या माणसाचं म्हणणं खरं असू शकतं. खोटंही असू शकतं. नुसत्या बंद चौकोनावरून ते ठरत नाही.

म्यूटवर_आहे, तुमच्या बाबतीत जे झालं ते लाजिरवाणं आहे. पण दोष आकड्यांचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. व्हीपीएनवरचे सगळे वाईट आणि बाहेरचे चांगले, एवढा एक तक्ता कुणी मांडला असता तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

म्यूटवर_आहे

"वाचणाऱ्याचा दोष" हे वाक्य पत्र मिळालेल्या माणसाला सांगून बघा कधी. वाचणारे तेच असतात आणि ते असंच वाचतात.

जुनी_तार

पोरांनो, थोडं थांबा. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारांवर झाली, तुमचं हे सगळं नंतर आलं.

आधी त्या "गुणां"बद्दल. डॅशबोर्डवर १ ते ५ मध्ये जो एमओएस (आवाजाच्या दर्जाला दिलेले सरासरी गुण) दिसतो, तो मुळात माणसांनी द्यायचा. शांत खोलीत माणसं बसवायची, आवाज ऐकवायचा आणि "सांगा, कसा वाटला?" विचारायचं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.८०० या शिफारशीत ती पद्धत आहे. आता बहुतेक ठिकाणी उशीर आणि गळती सूत्रात घालून आकडा काढतात. माणसाला कुणी विचारतच नाही. पत्र मिळालेल्या त्या म्यूटवरच्या मुलीला कुणी विचारलं होतं का, की बाई, तुला कसं ऐकू येतंय?

आता ओसरीताई, तुमच्यासाठी. एकेरी वाटेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना जाणवत नाही, असं आयटीयूचीच जी.११४ ही शिफारस म्हणते. ४०० ही नियोजनाची वरची हद्द. आणि माणसं बोलताना किती थांबतात? २००९ मध्ये दहा भाषा तपासून निघालेलं उत्तर आहे, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद. समजा वाटेत एका बाजूने ३०० चा उशीर आहे. तुमचा प्रश्न त्याच्यापर्यंत जायला ३००, त्याचे नेहमीचे २००, उत्तर परत यायला ३००. तुम्हाला दिसतात ८००. तुमच्या दृष्टीने तो चाचरला. त्याच्या दृष्टीने तो ताबडतोब बोलला.

अशा उशिराचं खापर लोक तारेवर फोडत नाहीत, समोरच्यावर फोडतात. ऐकणाऱ्याला तो माणूसच बेसावध, ढिला वाटतो. २०१४ मध्ये जर्मनीत यावर प्रयोगही झाले आहेत. "काम कुठवर आलं?" विचारल्यावर तुम्हाला जी चालढकल ऐकू आली, तिच्यातली किती त्याची आणि किती तारेची, हे मोजल्याशिवाय कसं सांगणार? मॉनिटरिंग लागतं ते यासाठी. माणूस सोडवायला, पकडायला नव्हे.

चिमटा

काका, एवढ्या धाग्यात पहिल्यांदा कुणीतरी मुद्द्याचं बोललं. मला वाईट वाटतंय, आता टिंगल कशाची करू?

ओसरी

बरं. मान्य, पण पूर्ण नाही. आज त्या यादीत गुणांच्या पुढे उशिराचा रकाना आहे का ते पाहिलं. होता. मी तो कधी उघडलाच नव्हता. ज्या दोघांना मी कायमचे चालढकल करणारे समजत होते, त्यांतल्या एकाचा जाऊन-येऊन उशीर बहुतेक कॉलमध्ये ६०० च्या वर आहे. दुसऱ्याचा ४०. त्या दुसऱ्याबद्दलचं माझं मत तेच आहे आणि आता पुराव्यासकट आहे.

कॅमेऱ्याबद्दल मात्र मी एक इंच मागे हटणार नाही.

म्यूटवर_आहे

मी पण नाही.

सरळसोट

कुणाला आनंद होणार असेल तर सांगतो. काल रात्री घरी अपलोड लावून पिंग बघितला. १८ वरून ६४०. खटका, पेढे वाटा. तरी माझं म्हणणं कायम आहे: हे मला फुकटात, कमांड लिहायच्या एका काळ्या खिडकीत कळलं. त्यासाठी भिंतीवर स्क्रीन लागला नाही.

खटका

भिंतीवर स्क्रीन लावा असं मी म्हटलंच कुठे? राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम (रांगेला शिस्त लावणारी सोय) आहे का बघा. असेल तर तुमच्या अपलोडच्या ९० टक्क्यांवर मर्यादा बांधा आणि तीच चाचणी पुन्हा करा.

सरळसोट

नाहीये. म्हणजे राउटर बदलायचा. म्हणजे शेवटी काहीतरी विकत घ्यायचंच. मी काय म्हणत होतो?

म्यूटवर_आहे

ताजी बातमी. आयटीने गेल्या आठवड्यात मीटिंगचा ट्रॅफिक व्हीपीएनच्या बाहेर काढला, कुणाला न सांगता. आज मला पुन्हा मेल आला, प्रत मॅनेजरला: "आपल्या कॉलच्या दर्जात लक्षणीय सुधारणा दिसून आली आहे. घरची इंटरनेट सुविधा सुधारल्याबद्दल आभारी आहोत."