लेखकाच्या व्याख्यानाला जायलोय: काय न्यावं, काय विचारावं? (बजेट ५००)

कोरडवाहू: शनिवारी संभाजीनगरात ४ ते ६ व्याख्यान आहे, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर संशोधन करून लिहिणारे लेखक. मी आमच्या गावातल्या १९४८ वर लिहायलोय. १४ जणांच्या आठवणी उतरवल्यात, कागद एकही नाही. जालन्याहून जाऊन-येऊन ५०० रुपयांत बसवायचंय. रेकॉर्डिंग करावं का? प्रश्न काय विचारावा?

टेपवाला: चार हजारांचा रेकॉर्डर घ्या, विषय संपला. माझा सहा वर्षं झाली, अजून नवा आहे.

तिसरी_रांग: ५०० म्हणलेत ते. मोबाईल पुरतो, पण विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं. १२८ केबीपीएसला (साधी एमपी३) तासाला ५८ एमबी लागतात. वेव्ह फाईल (न दाबलेला आवाज) ठेवली तर सव्वासहाशेच्या वर. खिशात ठेवू नका, कापडाची खरखर येते. स्पीकरच्या खोक्यापाशी आवाज फाटतो, पंख्याखाली घरघर. तिसरी रांग, मधोमध. आणि सुरू करायच्या आधी संयोजकांना विचारा.

टेपवाला: मोबाईल म्हणजे मोबाईलच.

दप्तरी: रेकॉर्डिंगपेक्षा पुस्तक आधी वाचा. मागची तळटीप-संदर्भसूची बघा, कोणत्या प्रकरणाला कागद आहे आणि कोणतं नुसत्या मुलाखतींवर उभं आहे ते पेन्सिलीनं खुणवा. प्रश्न तिथंच सापडतो. "प्रेरणा कुठून मिळाली" विचारलं की दहा मिनिटं गेली. विचारा: एकाच घटनेचं दोघांनी वेगळं सांगितलं तेव्हा पुस्तकात कोणाचं घेतलं, दुसऱ्याचं कुठं गेलं? दोन वाक्यांत, अर्ध्या मिनिटात. त्याआधी स्वतःच्या गावाची प्रस्तावना नको.

मोंढा_नाका: आधी मोडी लिपी शिका. मोडीशिवाय मराठवाड्याचा इतिहास नाही.

दप्तरी: गावचा हिशेब ठेवणाऱ्या कुलकर्ण्यांच्या घरच्या दप्तराला मोडी लागेल. त्या काळचे निजामी महसुली कागद बहुतेक उर्दूत आहेत. तारखा फसली (निजामी महसुली सन) असतात: इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरला ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१. म्हणजे सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली ती, १३५७ फसलीत. सरळ ५९० मिळवलं की सप्टेंबर १९४७ येतो अन् सगळं प्रकरण वर्षभर मागं सरकतं.

मोंढा_नाका: मोडी शिकायला काय हरकत आहे पण?

निळी_शाई: वहीच्या पानावर उजवीकडं तिसरा भाग रिकामा सोडा. डावीकडं ते काय म्हणाले, उजवीकडं आपल्या कामाशी त्याचा काय संबंध. घटना लिहीत बसू नका, त्या पुस्तकात आहेतच. मुलाखत कशी घेतली, टिपणांच्या चिठ्ठ्या कशा लावल्या, काय गाळलं, हे लिहा. त्याच रात्री पुन्हा उतरवा, दोन दिवसांनी स्वतःचंच अक्षर लागत नाही. आणि हस्तलिखित त्यांच्या हातात कोंबू नका! एका पानाचा सारांश, वर फोन नंबर, तोही त्यांनी मागितला तर.

तिसरी_रांग: परत सांगतो, खोक्यापासून लांब.

टेपवाला: माझ्या रेकॉर्डरला खोका चालतो.

दप्तरी: संभाजीनगरात पुराभिलेखागार (जुने सरकारी कागद ठेवतात ते) आहे. एक दिवस आधी, शुक्रवारी या, आपल्या तालुक्याचं काय आहे ते विचारा. मग शनिवारी प्रश्न नेमका होईल.

कोरडवाहू: सगळ्यांचे आभार. शुक्रवार जमत नाही, कापूस वेचायला आलाय. रेकॉर्डिंग पण करत नाही. जालन्याहून गावाकडं शेवटची एसटी ८ ला आहे, म्हणून शेवटच्या रांगेत दारापाशी बसतो अन् साडेपाचला उठतो. दोघांच्या दोन साक्षींचा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून, उत्तरासाठी माझा पत्ता घालून, आत जातानाच संयोजकांकडं देतो. उरलेल्या पैशात पुस्तक.

तिसरी_रांग: शेवटच्या रांगेत काहीच ऐकू येत नाही, बघा.