घराचा लिलाव झाल्यावर उरलेली कर्जबाकी : सल्ला हवा आहे

धायरीकर :
यजमानांची चाकणची नोकरी सुटल्यावर आमचे हप्ते थकले. बँकेने धायरीतील सदनिकेचा ताबा घेतला आणि गेल्या महिन्यात तिचा लिलाव केला. लिलावात २७ लाख रुपये आले आणि आता ९ लाख ४० हजार रुपये अजून येणे आहे, असे पत्र आले आहे. मी सहकर्जदार आहे आणि माझे दीर जामीनदार आहेत. वसुलीसाठी येणारे गृहस्थ म्हणतात की दोन दिवसांत पुढच्या तारखांचे बारा धनादेश द्या, नाहीतर तुमचा पगार अडकवू. घर गेले म्हणजे कर्जही फिटले, अशी आमची समजूत होती. पुढे काय करावे आणि पुण्यात कोणाकडे जावे?

निवृत्त शाखाधिकारी :
ताई, ती समजूत दुर्दैवाने बरोबर नाही. सरफेसी कायद्यानुसार (बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) लिलावाच्या रकमेतून आधी ताबा व विक्रीचा खर्च वजा होतो, मग बँकेचे येणे, आणि त्यातूनही काही उरले तरच ते कर्जदाराला मिळते. तूट आली तर ती कर्जदाराकडून मागता येते. जामीनदाराची जबाबदारीही कर्जदाराइतकीच असल्याने दिरांना अंधारात ठेवू नका.

मात्र पत्रातील आकडा हा हिशेब नव्हे. पहिल्या नोटिशीच्या तारखेपासूनचा खातेउतारा, मूल्यांकन अहवाल, राखीव किंमत (लिलावातील किमान किंमत) कशी ठरली त्याची माहिती आणि प्रत्येक खर्चाची पावती लेखी अर्जाने मागा व अर्जाची पोच घ्या. माझ्या नोकरीच्या काळात दंडव्याज आणि ‘इतर खर्च’ या दोन रकान्यांत चुका सर्वांत जास्त सापडत. धनादेश तर मुळीच देऊ नका. ते न वटल्यास परक्राम्य संलेख (धनादेशांविषयीच्या) कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटल्याचे नवे संकट उभे राहते.

शिवाजीनगरचा वकील :
वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त त्यात तारखांची भर घालतो. विक्रीपूर्वी आपल्याला ३० दिवसांची नोटीस मिळाली होती का, हे पाहा. प्रक्रियेत नियम मोडला असेल तर सरफेसी कायद्याच्या कलम १७ खालील अर्ज पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांच्या आत करावा लागतो, आणि आपला एक महिना गेलेला आहे.

उरलेल्या रकमेसाठी बँकेला मात्र दिवाणी न्यायालयातच जावे लागेल, कारण २० लाखांहून कमी रकमेचा वसुली दावा न्यायाधिकरणात चालत नाही. हुकूमनामा (दाव्यातील न्यायालयाचा निर्णय) झाल्याशिवाय पगार अडकत नाही, आणि झाल्यावरही पहिले १००० रुपये व उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. भविष्य निर्वाह निधीवर तर जप्ती येतच नाही. ‘एवढी रक्कम देणे मान्य’ अशा कागदावर हिशेब पाहण्याआधी सही करू नका, कारण लेखी कबुलीमुळे बँकेच्या दावा लावण्याच्या मुदतीची गणना नव्याने सुरू होते.

स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळते. त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे उद्याच जावे.

कोथरूडची वाचक :
आमच्या घरातही हेच घडले होते. एकरकमी तडजोड झाली, पण ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेले बँकेचे पत्र हाती येईपर्यंत आम्ही एक रुपयाही भरला नाही. सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा लागला आणि पुढे कर्ज मिळताना त्याचा त्रास झाला, हे आधीच सांगून ठेवते. वसुलीवाल्यांना सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. आम्ही वेळांची नोंद ठेवून बँकेकडे लेखी तक्रार केली, तेव्हा ते फोन थांबले.

धायरीकर :
सर्वांचे मनापासून आभार. आज प्राधिकरणात जाऊन अर्ज दिला आणि दिरांनाही सगळे सांगितले. बँकेकडून उतारा मिळाला, त्यात सुरक्षारक्षकाचा खर्च ताबा घेण्याच्या दोन महिने आधीपासून लावलेला आहे. त्याच्या पावत्या मागणारे पत्र उद्या पोच घेऊन देणार आहे.