बीपी ताऱ्याचा रेडिओ स्पंद सापडेना: चूक वेळेची की ताऱ्याची?

उत्तरध्रुव:
सिलिकॉन जास्त असलेला बीपी तारा (वेगळ्या रासायनिक रचनेचा, चुंबकीय बी-वर्गाचा तारा) आहे. ध्रुवावरचं चुंबकीय क्षेत्र साधारण ८ किलोगॉस, परिवलनकाळ ०.५२ दिवस. यूजीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर ५५०–८५० मेगाहर्ट्झमध्ये दोन तासांचं निरीक्षण आहे. २ मिलिजान्स्कीचा (रेडिओ तेजाचं एकक) संथ स्रोत दिसतो, पण सीयू व्हर्जिनिस ताऱ्यासारखा मेसर स्पंद (लेसरसारखा अरुंद रेडिओ झोत) नाही. स्पंद दृष्टिरेषेतलं क्षेत्र (बीझेड) शून्य होण्याच्या सुमारास अपेक्षित असतो, म्हणून तो क्षण निरीक्षणाच्या खिडकीच्या मधोमध धरला होता. परिवलनकाळ आणि शून्य-क्षण दहा वर्षांपूर्वी मोजलेले, काळातली अनिश्चितता ०.००००१ दिवस.

मृगशीर्ष:
ती अनिश्चितताच नडली असावी. दहा वर्षांत तारा सुमारे ७००० वेळा फिरला. ७००० × ०.००००१ = ०.०७ दिवस, म्हणजे १.७ तास. तुमच्या खिडकीत शून्य-क्षणाच्या अलीकडे-पलीकडे एकेकच तास आहे! त्यात काही ताऱ्यांचा काळच बदलतो, सीयू व्हर्जिनिस त्यातलाच.

टेस या अवकाश दुर्बिणीचा ताजा सेक्टर (आकाशाच्या एका भागाचं सलग निरीक्षण) घ्या. पृष्ठावरच्या रासायनिक डागांमुळे प्रकाशवक्र परिवलनासोबत वरखाली होतो, त्यावरून शून्य-क्षण नव्याने बसवता येतो. पूर्ण ज्युलियन दिनांकासाठी टेसच्या वेळेत २४५७००० मिळवायला विसरू नका. आणि प्रकाशाचा कमाल बिंदू म्हणजे बीझेडचं शून्य नव्हे. दोन्हींतलं फेजचं (परिवलनाच्या टप्प्याचं) अंतर जुन्या, एकाच काळातल्या मोजमापांवरून काढून ठेवा.

वर्णपट:
त्याआधी बीझेडचा वक्र चिन्ह बदलतो का ते बघा. मेसरचा झोत चुंबकीय अक्षाला जवळपास काटकोनात निघतो. बीझेड कायम धन किंवा कायम ऋण राहिलं, तर तो आपल्याकडे वळतच नाही. संथ २ मिलिजान्स्की मात्र गायरोसिंक्रोट्रॉनचे (चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं प्रारण), ते बहुतेक फेजना दिसणारच.

विदाही परत तपासा. सगळ्या दोन तासांची एकच प्रतिमा काढली असेल तर २० मिनिटांचा २० मिलिजान्स्कीचा स्पंद सरासरीत ३.३ वर येतो. आधी आजूबाजूचे स्रोत व्हिजिबिलिटीतून (अँटेनांच्या जोड्यांची मोजमापं) वजा करा, मग पाच-पाच मिनिटांच्या प्रतिमा काढा, आय (एकूण तेज) आणि व्ही (वर्तुळाकार ध्रुवीकरण) दोन्ही. व्हीमध्ये आकाश जवळजवळ रिकामं असतं, त्यामुळे वर्तुळाकार ध्रुवीकरण असलेला स्पंद लगेच उठून दिसतो. उजवं-डावं चिन्ह मात्र माहितीतल्या पल्सारवर पडताळल्याशिवाय मानू नका, संकेत उलटे निघू शकतात.

उत्तरध्रुव:
प्रतिमा एकच काढली होती. १४०० मेगाहर्ट्झला गेलो तर शक्यता वाढेल का?

मृगशीर्ष:
वाढेलच असं नाही, फक्त जागा बदलते. वारंवारता = २.८ मेगाहर्ट्झ × गॉस × हार्मोनिक (१, २, ३ असा पूर्णांकी पट). दुसरा हार्मोनिक धरला तर ७०० ला १२५ गॉस लागतात. द्विध्रुवी क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं; ८०००/१२५ = ६४, म्हणून उगम ताऱ्याच्या केंद्रापासून ४ त्रिज्यांवर. १४०० ला तोच ३.२ त्रिज्यांवर येतो. स्पंदाची फेजही वारंवारतेगणिक थोडी सरकते, म्हणून पट्टा बदलला तरी शून्य-क्षणाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन तास ठेवा.