अनुभव धागा: संशोधनाच्या काळात मदत मागायला तुम्ही कधी आणि कुठे गेलात?

निळी_शाई (धागाकर्ती)
जुन्या वह्या आवरताना प्रबंधाच्या चौथ्या वर्षातला एक कागद हाती लागला आणि आवरणे तिथेच थांबले. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात पहिल्या भेटीत भरून घेतलेल्या, नैराश्याची लक्षणे तपासणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीची ती प्रत होती. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांविषयीचे आणि प्रत्येकापुढे ० ते ३ असे चार पर्याय. कामात रस वाटत नाही, या पहिल्याच प्रश्नापुढे मी आधी १ वर खूण केली होती आणि मग ती खोडून ३ वर केली होती. पेन इतके दाबून धरले होते की ती खूण कागदाच्या मागच्या बाजूने आजही बोटाला लागते. माझी बेरीज १६ आली. हे निदान नव्हे, बेरीज १० किंवा त्याहून अधिक आली की सविस्तर बोलायला हवे एवढाच त्याचा अर्थ, असे समुपदेशकांनी तेव्हाच समजावून सांगितले होते.
त्या केंद्राच्या दारावरून मी आठ महिने रोज ग्रंथालयात जात होते. ती जागा खरोखर आजारी असलेल्यांसाठी आहे, माझे तर फक्त तिसरे प्रकरण अडले आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. आपण सगळे आत जायला इतका उशीर का करतो, हे मला तुमच्या अनुभवांतून समजून घ्यायचे आहे.

कंदील
मी उशीर केला, कारण माझी निवडच चुकून झाली आहे आणि बोललो तर ते उघड होईल, असे मला मनापासून वाटत होते. या भावनेला 'इम्पोस्टर फिनॉमेनन' (आपण तोतया आहोत असे वाटणे) असे नाव आहे आणि पॉलीन क्लान्स व सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच तिच्यावर लिहून ठेवले आहे, हे मला संशोधक विद्यार्थ्यांच्या गटसत्रात कळले. नाव कळल्याने ती भावना गेली नाही. मात्र शेजारच्या प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो म्हणून मी जिची धास्ती घेतली होती, ती त्या दिव्याखाली तीन आठवडे एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहीत बसली होती, हे तिने त्याच सत्रात सांगितले. पुढे आम्ही दोघे रोज सकाळी दोन तास एकाच टेबलावर न बोलता लिहू लागलो. माझा प्रबंध त्या टेबलावर पूर्ण झाला.

दुपारची_सावली
बाळ झोपले आहे तेवढ्यात लिहिते. केंद्रात बोललेले मार्गदर्शकांच्या कानावर जाते का? मी केवळ या एका भीतीने थांबले आहे.

उंबरठा
@दुपारची_सावली, मी काही वर्षे अशाच एका केंद्रात काम केले आहे. तेथील नोंदी गोपनीय असतात आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय त्या विभागाकडे जात नाहीत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर मात्र ही गोपनीयता बाजूला ठेवावी लागते, आणि कायद्याने सांगितलेले आणखीही काही अपवाद असतात. पहिल्याच भेटीत 'कोणत्या परिस्थितीत तुम्हाला इतरांना सांगावे लागेल?' असे थेट विचारा. हा प्रश्न विचारलेला समुपदेशकांना आवडतो.

शेवटचा_बाक
माझा अनुभव कडू आहे आणि तोही येथे असावा असे वाटते. पहिली वेळ मिळायला सहा आठवडे लागले आणि सहा भेटींनंतर नियमाप्रमाणे मला बाहेर पाठवण्यात आले. प्रबंधाचे काम वर्षानुवर्षे चालते आणि केंद्राचे वेळापत्रक सत्रांपुरते आखलेले असते, ही विसंगती कुणीतरी दूर करायला हवी.

निळी_शाई
@शेवटचा_बाक, सहा आठवडे फार मोठा काळ आहे. त्या दिवसांत तुमच्यासोबत कुणी होते का?

शेवटचा_बाक
बहीण होती. रोज रात्री फोन करायची आणि प्रबंधाबद्दल एक शब्दही विचारायची नाही.

ओली_माती
माझ्या बाबतीत मी दारच चुकीचे ठोठावले होते. लेखावर पहिले नाव कुणाचे, यावरून मार्गदर्शकांशी बिनसले होते. झोप उडाली म्हणून मी समुपदेशनाला गेले आणि चौथ्या भेटीत त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितले, 'तुमच्या झोपेचे आपण पाहू, पण हा वाद या खोलीत मिटणार नाही. तुम्ही ऑम्बुड्स कार्यालयात जा.' हे पद काय असते ते मला ठाऊक नव्हते. ही व्यक्ती कुणाचीही बाजू घेत नाही, विभागाच्या अधिकाराखाली नसते, गुप्तता पाळते, आणि तिच्याशी बोलणे म्हणजे औपचारिक तक्रार नोंदवणे नव्हे. तिने माझ्याकडून तारखांची एक साधी यादी करून घेतली: कोणता प्रयोग कुणी केला, कोणता मसुदा कुणी लिहिला. ती यादी घेऊन मी मार्गदर्शकांसमोर बसले, तेव्हा पहिल्यांदाच माझा आवाज कापला नाही. नाव दुसऱ्या क्रमांकावरच राहिले, पण पुढच्या लेखाचा क्रम आम्ही काम सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवला.

जुना_फळा
मी स्वतः मार्गदर्शक आहे. २०१८ साली नेचर बायोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात २६ देशांतील २,२७९ जणांच्या पाहणीचा लेख आला होता. त्यांत बहुसंख्य पीएचडीचे विद्यार्थी होते आणि सुमारे ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे दिसली होती. पाहणीत आपणहून भाग घेतलेल्यांचेच हे आकडे आहेत, हे लक्षात घेऊनही मी त्या दिवशी माझ्या पाच विद्यार्थ्यांची नावे कागदावर लिहिली आणि यांपैकी दोघे असे असू शकतील, या विचाराने बराच वेळ बसून राहिलो. मार्गदर्शकाशी चांगले संबंध असलेल्यांचे हाल तुलनेने कमी होते, असेही त्या लेखात होते. तेव्हापासून नवा विद्यार्थी आला की मी पहिल्याच आठवड्यात त्याच्यासोबत समुपदेशन केंद्राच्या दारापर्यंत चालत जातो आणि वाटेत कामाचे बोलत नाही.

कंदील
सर, आमच्या वेळी असे कुणी चालत आले असते तर फार बरे झाले असते.

दुपारची_सावली
@उंबरठा, मनापासून आभार. आणखी एक विचारते: सहा महिने नोंदणी थांबवून विश्रांती घ्यावी असे मनात आहे. कुणी घेतली आहे का?

ओली_माती
मी घेतली होती. अर्ज देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचारून घ्या: शिष्यवृत्ती थांबते की पुढे सरकते, वसतिगृहाची खोली राहते का, आरोग्य विमा चालू राहतो का आणि परदेशात शिकत असाल तर व्हिसाचे काय होते. माझे ग्रंथालयाचे लॉगिन पहिल्याच दिवशी बंद झाले होते आणि समुपदेशनाची सोयही त्याच नोंदणीला जोडलेली होती, त्यामुळे जिच्यासाठी रजा घेतली तीच मदत महिनाभर तुटली. ती चालू ठेवण्याची विनंती अर्जातच करता येते, हे मला नंतर कळले.

दुपारची_सावली
समुपदेशनाचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. तो सर्वांत वर लिहून घेतला. बाळ उठले, रात्री पुन्हा येते.