हार्डिंगला पेपरने घडवलं की बुडवलं?

शाईबोट्या: 1884 साली ओहायोतल्या मॅरियन गावी वॉरन हार्डिंग नावाच्या पोरसवदा तरुणाने दोन मित्रांसोबत 300 डॉलरला डबघाईला आलेला 'मॅरियन स्टार' हा पेपर विकत घेतला. मित्र गळाले, हा टिकला आणि 1921 मध्ये थेट अमेरिकेचा अध्यक्ष झाला. माझ्या मते त्याची वाट पेपरनेच लावली. विनाकारण कुणाचं मन दुखवायचं नाही, अशी बातमीदारांना त्याची ताकीद असे. गावच्या पेपरला ते ठीक, गिऱ्हाईक शेजारीच राहतं. पण हीच मऊ तब्येत घेऊन मंत्रिमंडळ चालवायचं? त्याच्या मंत्रिमंडळातल्या अल्बर्ट फॉलने टीपॉट डोम इथले नौदलाचे तेलसाठे निविदा न काढताच भाड्याने दिले आणि पुढे लाचखोरीत तुरुंगात गेला.

वऱ्हाडी पाहुणा: माणसं पारखता आली नाहीत म्हणा ना, पेपरवर कशाला खापर? 1920 च्या अध्यक्षीय निवडणुकीत समोर उभा असलेला जेम्स कॉक्सही डेटनचा पेपरवालाच. आणि मऊ कसला? युद्धविरोधी भाषणापायी आत टाकलेल्या समाजवादी पुढारी डेब्जची सुटका आधीचा अध्यक्ष विल्सनने नाकारली होती. हार्डिंगनं त्याला नाताळात सोडला, वर भेटायला व्हाइट हाउसवर बोलावला. ऑक्टोबर 1921 मध्ये बर्मिंगहॅमला, अलाबामात हो, गोरे-काळे वेगळे बसवलेल्या सभेत काळ्यांच्या राजकीय समानतेवर बोलला.

शाईबोट्या: बोलला, मान्य. पण 1922 मध्ये काळ्यांचे झुंडबळी रोखणारं विधेयक सिनेटमध्ये अडवलं गेलं तेव्हा भिडला का? अग्रलेख लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा विषय, ही पेपरवाल्यांचीच खोड.

चिंगी: आणि पेपर चालवला कुणी? लग्नानंतर बायको फ्लॉरेन्स कचेरीत येऊन बसली, वितरण हातात घेतलं, अंक टाकणाऱ्या पोरांना शिस्त लावली. त्या पोरांतलाच एक नॉर्मन थॉमस, पुढे सहा वेळा समाजवादी पक्षाकडून अध्यक्षपदाला उभा राहिला!

तालुकावाला: मी शाईबोट्याच्या बाजूने, अनुभवाने. अकरा वर्षं साप्ताहिक काढलं. वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात आली की त्या पुढाऱ्याच्या बातमीत 'आरोप' कापून 'चर्चा' करायचो. आधी ठरवून, मग हात आपोआप. नगरपालिकेला उभा राहिलो तर सभेत एकाचंही नाव घेऊन बोलता येईना.

वऱ्हाडी पाहुणा: मग पडलात?

तालुकावाला: सपशेल. निवडून आलेल्याच्या अभिनंदनाची जाहिरात माझ्याच अंकात. पैसे अजून यायचेत.